काळं पडलेलं अमाइन: कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गॅस प्रकल्पाचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातला एक सहकारी साखर कारखाना. तालुका सांगत नाही, कारण तालुका सांगितला की निम्म्या वाचकांना नाव कळेल. कारखान्याला जोडून डिस्टिलरी आहे. तिथला स्पेंटवॉश (मद्यार्क काढल्यावर उरणारं सांडपाणी) आणि साखरेच्या बाजूचा प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) यांच्यापासून बायोगॅस करणारे दोन डायजेस्टर आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारची ‘सतत’ योजना आली, कॉम्प्रेस्ड बायोगॅस तेल कंपन्या विकत घेतील असं ठरलं आणि पुढच्या काही वर्षांत बऱ्याच कारखान्यांनी गॅस शुद्ध करायची यंत्रणा बसवली. त्यांतलाच हा एक प्रकल्प.

डायजेस्टरमधून ताशी साधारण ४०० घनमीटर कच्चा गॅस निघतो. त्यात ६० टक्के मिथेन, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि एक टक्क्याच्या आसपास हायड्रोजन सल्फाइड. भारतीय मानकानुसार विकायच्या गॅसमध्ये मिथेन किमान ९० टक्के, कार्बन डायऑक्साइड जास्तीत जास्त ४ टक्के आणि ऑक्सिजन अर्ध्या टक्क्याच्या आत लागतो. म्हणजे कार्बन डायऑक्साइड काढून टाकणं हाच प्रकल्पाचा खरा धंदा. ते काम अमाइन करतं, म्हणजे आम्लधर्मी वायू धरणारं, अमोनियाच्या कुळातलं अल्कधर्मी रसायन.

कार्बन कॅप्चर म्हणून जगभर ज्याची चर्चा चालते ते तंत्र मुळात हेच. १९३० साली अमेरिकेत आर. आर. बॉटम्स यांनी त्याचं पेटंट घेतलं आणि मूळ आराखडा आजही फारसा बदललेला नाही. दोन उंच कॉलम असतात. अब्जॉर्बरमध्ये गॅस खालून वर चढतो, गार अमाइन वरून खाली येतं आणि कार्बन डायऑक्साइड धरतं. हे भरलेलं ‘रिच’ अमाइन स्ट्रिपरमध्ये जातं, तिथे वाफेच्या उष्णतेनं ते कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि ‘लीन’ होऊन परत अब्जॉर्बरवर येतं. तेच द्रावण दिवसरात्र फिरत राहतं. कागदावर ते संपत नाही.

इथलं द्रावण एमडीईए (मिथिल डायइथेनॉल अमाइन) आणि पिपराझिन या दोन अमाइनचं होतं, बाकी पाणी. एकूण साठा ९,००० लिटर. एमडीईए पुष्कळ कार्बन डायऑक्साइड धरतं, पण सावकाश. थोडंसं पिपराझिन घातलं की तो वेग वाढतो. ही गोष्ट इथे सांगून ठेवतो, कारण पुढे तिच्यावरच एक निर्णय चुकला.

काय बिघडलं

मला फोन आला तो गळतीसाठी. फेब्रुवारी महिना, गाळप जोरात, आणि रीबॉयलरहून (स्ट्रिपरचं द्रावण वाफेनं उकळवणाऱ्या भांड्याहून) स्ट्रिपरकडे परत जाणाऱ्या लाईनच्या एल्बोला, म्हणजे पाइपच्या वळणाच्या तुकड्याला, सुईच्या टोकाएवढं भोक पडलेलं. कार्बन स्टीलचा एल्बो, जेमतेम दुसरा हंगाम. मेंटेनन्सवाल्यांनी क्लॅम्प मारून भागवलं होतं.

गेटमधून आत गेलो तेव्हा आधी वास आला. ताज्या अमाइनला मासळीच्या जवळपासचा मंद वास असतो. इथे त्यावर अमोनिया चढलेला होता, डोळ्यांच्या कडा चुरचुरतील इतका. सॅम्पल कॉकखाली बाटली धरली तर द्रावण काकवीच्या रंगाचं. प्रकल्प सुरू झाला तेव्हाची, लेबल लावून ठेवलेली एक बाटली प्रयोगशाळेच्या फडताळात होती. ती फिकट पिवळी, जवळजवळ पाण्यासारखी. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून मी फोटो काढला. पुढच्या सगळ्या बैठकांत त्या फोटोनं माझं निम्मं बोलणं वाचवलं.

बाकी तक्रारींची यादी अशी होती. विक्रीच्या गॅसमधला मिथेन डिसेंबरात ९६ टक्के होता, तो ९०.८ वर आलेला. एक कॅस्केड, म्हणजे गॅसच्या सिलिंडरांचा संच, तेल कंपनीच्या पंपावरून नापास होऊन परत आलेला. अब्जॉर्बरमध्ये फेस येऊन दाबाचा काटा नाचायचा, म्हणून प्रत्येक पाळीला मगभर अँटीफोम (फेस मारणारं रसायन) ओतलं जायचं. फिल्टरची कार्ट्रिज पूर्वी महिनाभर टिकायची, आता चार दिवसांत काळी होऊन चोंदत होती.

या काळ्या कार्ट्रिजबद्दल थोडं विषयांतर करतो. त्यातला काळा गाळ म्हणजे आयर्न सल्फाइड, आणि ते वाळलं की हवेत आपोआप तापतं. शेडच्या मागे पत्र्याच्या बॅरलमध्ये टाकलेल्या कार्ट्रिजमधून दुपारी धूर निघत होता आणि माणसं समजत होती की कुणीतरी विडी टाकली असेल. गॅस प्रकल्पाच्या कुंपणात! पहिल्या दिवशी मी केलेलं एकमेव ठोस काम म्हणजे ते बॅरल पाण्यानं भरायला लावलं.

मी पोचण्याआधीचे निर्णय

मिथेन घसरला, म्हणजे कार्बन डायऑक्साइड नीट निघत नाही, म्हणजे अमाइन कमजोर झालं. असा अर्थ काढला गेला आणि तो वेडगळ नव्हता. गॅसमधला कार्बन डायऑक्साइड २ वरून ३.९ टक्क्यांवर गेलाच होता. त्यावरून दोन गोष्टी केल्या गेल्या.

पहिली, रीबॉयलरची वाफ वाढवली. ३ किलो दाबाची वाफ साडेचारवर नेली. उकळणाऱ्या द्रावणाचं तापमान स्ट्रिपरच्या दाबावर ठरतं, त्यामुळे थर्मामीटरवर दोनच अंश वाढ दिसली आणि सगळे निर्धास्त राहिले. पण ३ किलोची वाफ १४३ अंशांच्या आसपास असते, साडेचारची १५५ च्या. नळीच्या अंगाला चिकटून वाहणाऱ्या द्रावणाला हा चटका बसतो आणि थर्मामीटरला तो कळत नाही.

दुसरी, टॉप-अप वाढवला. महिन्याला एक बॅरल लागायचं तिथे आठवड्याला एक. पण टॉप-अपला नुसतं एमडीईए घातलं जात होतं. पिपराझिन सामान्य तापमानाला घन असतं, पापड्यांच्या रूपात येतं, वेगळं विरघळवावं लागतं आणि महागही आहे. “मेन केमिकल तर एमडीईएच आहे ना,” असं स्टोअरमध्ये ठरलं. त्यामुळे बॅरलमागून बॅरल घालूनही वेग देणारा घटक दर आठवड्याला पातळ होत गेला.

प्रयोगशाळेच्या रजिस्टरात मात्र अमाइनची ताकद ४१ टक्के दिसत होती, म्हणजे हवी तेवढीच. ४१ टक्के अमाइन असून काम होत नाही, मग दोष कशाचा? काहींनी कॉलममधल्या पॅकिंगवर बोट ठेवलं, काहींनी अमाइन पुरवणाऱ्यावर.

जाळाची गोष्ट आणि माझी चूक

पाळीवरचे एक ज्येष्ठ ऑपरेटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, पूर्वी घरच्या गुऱ्हाळावर गुळव्या होते. सॅम्पलची बाटली उन्हात धरून ते म्हणाले, “साहेब, ह्यो जाळ जास्त झालाय. चुलाणात जाळ वाढला की पाक काळा पडतोय, तसंच हाय हे.”

मला ते पटलं, कारण ते माझ्या डोक्यातल्या पुस्तकाशी जुळत होतं. अमाइन दोन वाटांनी मोडतं. एक उष्णतेची वाट. मोनोइथेनॉल अमाइन, म्हणजे कार्बन कॅप्चरमध्ये सगळ्यात जास्त अभ्यासलं गेलेलं एमईए, कार्बन डायऑक्साइड धरून कार्बामेट होतं. स्ट्रिपरच्या उष्णतेत त्या कार्बामेटची कडी बंद होऊन ऑक्सॅझोलिडिनोन तयार होतं आणि त्यापुढे लांब, जड, निरुपयोगी रेणूंची साखळी लागते. तापमान १२० अंशांच्या वर जाऊ लागलं की हे झपाट्यानं वाढतं. दुसरी वाट ऑक्सिजनची, तिच्याकडे येतोच.

मी दोन दिवस जाळामागे धावलो. वाफेचे चार्ट काढले, रीबॉयलरच्या नळ्यांवर थर बसला असेल का ते पाहिलं, दाब परत ३ किलोवर आणायला लावला. हे करणं योग्यच होतं, पण रोगाचं मूळ ते नव्हतं. मी विसरलो होतो की एमडीईए हे तृतीयक अमाइन आहे. त्याच्या नायट्रोजनवर मोकळा हायड्रोजन नाही, म्हणून ते कार्बामेट करतच नाही. एमईएचं उष्णतेचं गणित त्याला तसंच्या तसं लागू होत नाही. पिपराझिनही उष्णतेला चिवट आहे. एवढ्या जाळानं हे द्रावण दोन महिन्यांत काकवी होणार नाही.

पलटायला रेंगाळणारा रंग

शोधाला वळण मिळालं ते प्रयोगशाळेत. शिफ्ट केमिस्ट म्हणून काम करणाऱ्या एक तरुण मॅडम रोजचं टायट्रेशन (थेंबथेंब आम्ल घालून अमाइनची ताकद मोजणं) करत होत्या आणि मी शेजारी उभा होतो. फ्लास्कमध्ये अमाइन, त्यात मिथिल ऑरेंज, वरून ब्युरेटमधून आम्ल. निरोगी अमाइनमध्ये पिवळा रंग एका थेंबात नारिंगी होतो. इथे पिवळ्याचा मळकट, मळकटाचा फिका नारिंगी, मग आणखी थेंब, आणखी थेंब, असं अडीच-तीन मिलिलिटर चाललं होतं. मॅडम थांबल्या आणि म्हणाल्या, “सर, हल्ली हे असंच होतंय. कुठे थांबायचं तेच कळत नाही.”

रजिस्टरची पानं मागे उलटली. ११ डिसेंबरच्या नोंदीसमोर पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: ‘एंड पॉइंट शार्प नाही’. पुढे आणखी चार ठिकाणी तेच. रजिस्टरवर रोज सही करणाऱ्यांपैकी कुणीही, याचा अर्थ काय, असं विचारलेलं नव्हतं. विचारायची पद्धतच नव्हती. आकडा ४० च्या वर आहे ना, मग सही.

अर्थ असा होता. ऑक्सिजननं अमाइन मोडलं की अमोनिया सुटतो आणि फॉर्मिक, अॅसेटिक, ग्लायकोलिक अशी आम्लं तयार होतात. ही आम्लं उरलेल्या चांगल्या अमाइनला धरून बसतात. कार्बन डायऑक्साइडशी जमलेली गाठ स्ट्रिपरमध्ये सुटते, पण या आम्लांची गाठ कितीही वाफ दिली तरी सुटत नाही. म्हणून त्यांना हीट स्टेबल सॉल्ट म्हणतात, उष्णतेला न जुमानणारे क्षार. अडकलेलं अमाइन साठ्यात असतं, पण कामावर नसतं.

आता टायट्रेशन का फसवतं ते पाहा. फॉर्मेट आणि अॅसेटेट ही दुबळ्या आम्लांची लवणं आहेत. मिथिल ऑरेंज पलटतं त्या पीएचच्या आसपास तीसुद्धा ब्युरेटमधलं आम्ल पितात. त्यामुळे एंड पॉइंट लांबतो आणि आकडा फुगतो. शिवाय एमडीईए मोडून झालेली इतर अल्कधर्मी द्रव्यंही ‘अमाइन’ म्हणूनच मोजली जातात. ४१ टक्क्यांमध्ये खरं काम करणारं किती, हे त्या आकड्यातून कळणारच नव्हतं.

क्षार मोजायला आयन क्रोमॅटोग्राफ लागतो आणि तो पुण्याला होता. नमुना पाठवला, पण अहवाल यायला आठवडा लागणार होता. तोवर काय करायचं? कारखान्याच्या बॉयलरला डीएम प्लांट (पाण्यातले क्षार काढणारी यंत्रणा) असतो आणि डीएम प्लांटमध्ये कॅटायन रेझिन असतं. मूठभर रेझिन आणलं, हायड्रोक्लोरिक आम्लानं ताजं केलं, पाण्यानं धुतलं आणि तळाला कापूस लावलेल्या जुन्या ब्युरेटमध्ये भरलं. नमुना आधी उकळून त्यातला कार्बन डायऑक्साइड घालवला, मग तो रेझिनवरून हळूहळू सोडला. रेझिन अमाइनला धरून ठेवतं आणि खाली मोकळी आम्लं उतरतात. ती कॉस्टिकनं, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडनं, टायट्रेट केली. मॅडमनी तीन वेळा करून दाखवलं: फॉर्मेट धरून हिशोब केला तर २.४ टक्के. म्हणजे दर १०० किलो द्रावणात ६ किलोंहून जास्त एमडीईए बांधून पडलेलं.

आठवड्यानं पुण्याचा अहवाल आला. फॉर्मेट सगळ्यात जास्त, त्याखाली अॅसेटेट आणि थायोसल्फेट, आणि बऱ्यापैकी बायसिन. लोह १६० पीपीएम. या यादीतली दोन नावं बोलकी होती. हायड्रोजन सल्फाइड आणि ऑक्सिजन अमाइनमध्ये भेटले की थायोसल्फेट होतं. बायसिन हे एमडीईएच्या कुळातल्या अमाइनमध्ये ऑक्सिजन शिरल्याची खूण. ते लोहाला कवेत घेऊन द्रावणात विरघळवून ठेवतं, नळीच्या आतल्या बाजूला आयर्न सल्फाइडचा जो संरक्षक थर बसतो तो टिकू देत नाही, आणि मग एल्बोला भोक पडतं. वर विरघळलेलं लोह स्वतःच ऑक्सिडेशनला उत्प्रेरक म्हणून मदत करतं. एकदा हे चक्र सुरू झालं की ते आपलं आपण वेग घेतं.

हवा कुठून आली

बायोगॅस बंद भांड्यात तयार होतो. त्यात ऑक्सिजन नसायलाच हवा. पॅनेलवरचा अॅनलायझरही ऑक्सिजन ०.० दाखवत होता, त्यामुळे सुरुवातीला कुणी ऐकायला तयार नव्हतं.

पुण्याचा अहवाल यायच्या आधीच मी पाटीवर साधी बेरीज मांडली होती. मिथेन ९०.८, कार्बन डायऑक्साइड ३.९, ऑक्सिजन शून्य. एकूण ९४.७. मग राहिलेले ५.३ टक्के कोण? बाकी नायट्रोजन असणार हे सगळ्यांना माहीत होतं, पण डायजेस्टर पाच टक्के नायट्रोजन तयार करत नाही. नायट्रोजन बाहेरून आला असेल तर तो एकटा येत नाही.

ऑक्सिजनच्या सेन्सरची छापील माहिती पाहिली. जिवंत सेन्सर ०.१, ०.२ असा थोडा तरी हलतो. हा पाच आठवडे ०.० वर गोठलेला होता, म्हणजे त्याचा सेल मेला होता. भाड्यानं हातातला अॅनलायझर आणला: अमाइनमध्ये शिरणाऱ्या गॅसमध्ये ०.४ टक्के ऑक्सिजन, विक्रीच्या गॅसमध्ये ०.६. कार्बन डायऑक्साइड निघून गेल्यावर उरलेल्यांचं प्रमाण वाढतं, म्हणून दुसरा आकडा मोठा. विक्रीच्या गॅसची अर्ध्या टक्क्याची मर्यादाही मोडलेली होती.

मग पाइप हातानं धरून मागे मागे जात राहिलो. दुसऱ्या डायजेस्टरच्या छतावर अर्ध्या इंचाची एक निळी नळी चढलेली दिसली, खाली छोटा ब्लोअर आणि एक रोटामीटर (हवेचा प्रवाह दाखवणारं मापक). आराखड्यात ही नळी नव्हती.

त्याची कथा अशी. हायड्रोजन सल्फाइड काढायला कॉस्टिकचा स्क्रबर आहे, आणि नोव्हेंबरात कॉस्टिकचं बिल फार येत होतं. कुणीतरी सुचवलं की डायजेस्टरच्या वरच्या मोकळ्या जागेत थोडी हवा सोडली तर तिथले जिवाणूच हायड्रोजन सल्फाइडचं गंधक करून टाकतात. ही युक्ती खरी आहे. जिथे गॅस फक्त इंजिनात किंवा चुलीत जाळायचा असतो तिथे ती सर्रास वापरतात. इथेही सुरुवातीला गॅसच्या २ टक्के हवा सोडली, तेव्हा जवळजवळ सगळा ऑक्सिजन जिवाणूंनीच खाल्ला आणि कॉस्टिकचा खर्च निम्म्यावर आला. सगळे खूश. डिसेंबरात प्रेसमडची आवक वाढली, वास वाढला, आणि एका रात्रपाळीत रोटामीटर दुप्पट उघडला गेला. ४ टक्के. सकाळी तो कमी करायचं राहिलं. ११ डिसेंबरची पेन्सिलची नोंद त्यानंतर साधारण आठवड्याभरानं आलेली.

हे कळल्यावर बैठकीत माणसं एकमेकांकडे बघू लागली. कुणाची चूक हे शोधण्यात एक दुपार जाणार, असं दिसत होतं. चीफ केमिस्ट शहाणे निघाले. म्हणाले, “नळी मीच बसवायला सांगितली होती. पुढचं बोला.”

समोरचे पर्याय

हवा तत्काळ बंद करायची यावर दुमत नव्हतं. प्रश्न त्या ९,००० लिटर काळ्या द्रावणाचा होता.

सगळं काढून नवं भरावं, हा सोपा पर्याय. खर्च मोठा, पण त्याहून मोठा प्रश्न जुनं टाकायचं कुठे. एका अधिकाऱ्यानं सहज सुचवलं, “कंपोस्ट यार्डवर शिंपडू या, स्पेंटवॉश जातोच की.” दुसऱ्यानं सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं नाव घेतलं. दोन्हीला मी साफ नकार दिला. एमडीईए जिवाणूंना सहज पचत नाही, त्यातला नायट्रोजन प्रक्रिया केंद्राचा तोल बिघडवतो आणि पावसाळ्यात यार्डवरचं पाणी ओढ्याला जातं. पंचगंगेच्या खोऱ्यात आधीच कारखान्यांकडे लोक कसे बघतात ते इथे सांगायला नको. खराब अमाइन हा घातक कचरा म्हणून नोंदवून अधिकृत केंद्राकडेच पाठवावा लागतो.

दुसरा पर्याय रिक्लेमिंगचा. निर्वात भांड्यात द्रावण ऊर्ध्वपातित करून चांगलं अमाइन वेगळं काढायचं, किंवा आयन एक्स्चेंजची फिरती गाडी बोलवायची. मोठ्या रिफायनरीत हेच करतात. आमच्या साठ्याला मात्र गाडीवाल्याचं किमान भाडंच नव्या अमाइनच्या किमतीजवळ जात होतं.

तिसरा, कॉस्टिक घालायचं. सोडियम आम्लांना धरतं आणि अमाइन मोकळं होतं. स्वस्त आणि झटपट. पण क्षार कुठे जात नाहीत, सोडियम फॉर्मेट म्हणून तिथेच राहतात. गूळ करताना भेंडीचा रस घातला की मळी वर येते आणि ती झाऱ्यानं काढून टाकता येते. इथे वर काहीच येत नाही. मामांना हे समजावताना मी तेच उदाहरण दिलं, त्यावर त्यांचा प्रश्न होता, “मग त्यो कार्बनचा फिल्टर कशाला बसीवलाय?” कार्बन तेलकट द्रव्यं आणि फेस करणारी घाण धरतो, विरघळलेले क्षार नाही. आणि त्या कार्बनवर दोन महिन्यांच्या सिलिकॉन अँटीफोमचा लेप बसलेला होता, म्हणजे तोही मेलेलाच.

चौथा, थोडं काढायचं, थोडं नवं भरायचं.

काय केलं

तिसरा आणि चौथा एकत्र. ३,५०० लिटर काढून बॅरलमध्ये भरलं. त्याजागी नवं द्रावण घातलं, या वेळी पिपराझिनसह आणि फक्त डीएम पाण्यात. उरलेल्या जुन्या द्रावणातल्या क्षारांचा हिशोब करून साधारण ६० टक्के क्षारांना पुरेल एवढंच कॉस्टिक ठरवलं, ७० किलोंच्या आसपास. पूर्ण हिशोबाचं मुद्दाम घातलं नाही, कारण जादा कॉस्टिक टायट्रेशनमध्ये अमाइन म्हणूनच दिसतं आणि पुन्हा तोच फसवा आकडा.

इथे माझी दुसरी चूक. कॉस्टिक चार दिवसांत थोडं थोडं द्यायचं ठरलं होतं, पण कॅस्केड अडकले होते, एमडींचे फोन येत होते आणि मी एका पाळीत ४० किलो द्यायला हो म्हटलं. पीएच वाढल्यावर विरघळलेलं लोह गाळ होऊन बाहेर पडलं. रात्रीत तीन वेळा कार्ट्रिज बदलावी लागली, पहाटे पंपाचं सक्शन चोंदलं आणि प्रकल्प सहा तास बंद. उरलेलं मग तीन दिवसांत दिलं.

हवेची निळी नळी कापून तिच्या टोकाला ब्लाइंड, म्हणजे कायमचं बंद झाकण, लावला. नुसता व्हॉल्व्ह बंद ठेवायला मी तयार नव्हतो, व्हॉल्व्ह रात्री उघडतात. हायड्रोजन सल्फाइडसाठी डायजेस्टरच्या फीडमध्ये फेरिक क्लोराइड द्यायला सुरुवात केली आणि स्क्रबरचं कॉस्टिक पूर्ववत केलं. अमाइनच्या साठवण टाकीचा व्हेंट हवेला उघडा होता, त्यावर नायट्रोजनचा हलका दाब ठेवला. अमाइनच्या तोंडाशी नवा ऑक्सिजन अॅनलायझर, ०.२ टक्क्यांवर घंटा. एल्बो स्टेनलेस स्टीलचा. कार्बन बदलला. अँटीफोमचा डबा कुलपात.

निकाल

दहा दिवसांत मिथेन ९५ च्या वर आणि कार्बन डायऑक्साइड २ च्या खाली आला. मिथेन सुधारण्यात मोठा वाटा नायट्रोजन थांबल्याचा होता, अमाइनचा नव्हे. म्हणजे दोन महिने ज्याला ‘कमजोर अमाइन’ म्हटलं जात होतं तो दोष निम्म्याहून अधिक साध्या हवेचा होता. क्षार २.४ वरून दीड टक्क्यावर आले, नंतरच्या छोट्या बदलांनी हंगामाअखेर १.१ वर. लोह ४० पीपीएमपर्यंत उतरलं. टॉप-अप पुन्हा महिन्याला एक बॅरल. वाफही ३ किलोवरच पुरते. रंग मात्र चहाचाच राहिला, आणि त्याला इलाज नाही.

कॉस्टिक अधिक फेरिक क्लोराइड यांचा खर्च नोव्हेंबरच्या मूळ बिलापेक्षा थोडा जास्तच आहे. हे संचालक मंडळाला सांगताना अवघड गेलं, कारण नळीनं वाचवलेले पैसे एका रकान्यात स्वच्छ दिसत होते आणि अमाइन, एल्बो, नापास कॅस्केड हे वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेले होते.

आज पुन्हा करायचं तर

बेरीज पहिल्या दिवशी करीन. वायूंच्या टक्केवारीची बेरीज करायला पाच मिनिटं लागतात आणि मी ती सहाव्या दिवशी केली. जाळाचा संशय मामांनी बोलून दाखवला, पण त्याला दोन दिवस दिले ते मी.

टायट्रेशनच्या आकड्याशेजारी एंड पॉइंट कसा आला यासाठी वेगळा रकाना आता छापला आहे. आठवड्यातून एकदा रेझिनची चाचणी, महिन्यातून एकदा पुण्याला नमुना, आणि पिपराझिन वेगळं मोजणं. कॉस्टिकबद्दल वर लिहिलंच आहे. एक गोष्ट मात्र मी आजही तशीच करीन: पूर्ण साठा बदलायला नकार. नवं द्रावण भरून नळी तशीच राहिली असती, तर पुढच्या गाळपात तेही काळं झालं असतं.

संचालक मंडळाचा एक प्रश्न

शेवटच्या बैठकीत चेअरमनसाहेबांनी विचारलं, “बॉयलरच्या धुराड्यातला कार्बनपण असाच पकडता येईल का? क्रेडिट मिळतंय म्हणं.”

येतो. थुथुकुडीच्या एका रसायन कारखान्यात २०१६ पासून कोळशाच्या बॉयलरच्या धुरातून वर्षाला ६०,००० टन कार्बन डायऑक्साइड धरून सोडा अॅश करायचा प्रकल्प आहे. पण आमच्या प्रकरणात ऑक्सिजन ही चोरून आलेली गोष्ट होती, नळी कापली की संपली. धुरात तो असतोच, बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) बॉयलरमध्ये पाच-सहा टक्के सहज, म्हणजे आमच्या ०.४ च्या दहापटीहून जास्त. शिवाय नायट्रोजनचे ऑक्साइड, आणि ते पिपराझिनसारख्या अमाइनशी मिळून नायट्रोसामाइन करू शकतात, जी कर्करोगाच्या दृष्टीनं संशयित आहेत. राखही असते. एमईए वापरलं तर दर टन कार्बन डायऑक्साइडमागे दीड किलोच्या आसपास अमाइन नासतं, असा आकडा प्रायोगिक प्रकल्पांतून वारंवार येतो. कॅनडातल्या बाउंडरी डॅम वीज केंद्रात २०१४ साली मोठा प्रकल्प सुरू झाला, तिथेही अमाइन खराब होणं ही मोठी डोकेदुखी ठरली. तिथे रिक्लेमर हा प्रकल्पाचाच भाग धरावा लागतो, मागाहून सुचलेली गोष्ट नाही.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि विषय पुढच्या हंगामावर ढकलला.

काढलेल्या ३,५०० लिटरची बॅरल अजून शेडमध्ये आहेत. त्यांवर तारीख, ‘खराब अमाइन’ आणि क्षारांची टक्केवारी लिहिलेली आहे, खाली गळती धरायला सिमेंटची कड बांधली आहे. घातक कचरा नेणाऱ्या गाडीची पाळी पावसाळ्याआधी लागेल असं कळवलंय. मामा रोज येता-जाता बॅरलच्या बुडाखालची फरशी ओली आहे का ते चपलेनं घासून बघतात.